आत्यासाठी मैद्याचा पाव

लोसालिने आत्या ऑकलंड सोडून कायमची येतेय, हा फोन आला तेव्हा लुपे अंगणात पत्र्यावर नीरफणसाच्या चकत्या वाळत घालत होती. फोन आत्याचाच होता, आणि बोलणं असं, जणू शेजारच्या आळीतून यायचंय.

"गुरुवारच्या विमानाने येते. गाव गोळा करू नकोस. आणि माझ्या नावाने डुक्कर मारायचं नाही, सांगून ठेवते."

"कायमची म्हणजे, आत्या?"

"कायमची म्हणजे कायमची. आता त्याचा काय अर्थ फोड करून सांगू तुला?"

टोंगात आत्याला कुणी उलटं विचारत नाही. बापाची बहीण म्हणजे घराची फाहू. तिचा शब्द बापाच्याही वर. लुपेचा बाप सेमिसी एरवी कुणाला न जुमानणारा गडी, पण बहीण उंबऱ्यात दिसली की खुर्ची सोडून दाराजवळच्या चटईवर जाऊन बसायचा. आता सेमिसी नव्हता. घरात लुपे एकटी होती, आणि अंगणात तेलाच्या पिंपाची एक भट्टी होती.

लुपे स्वतःही ऑकलंडहूनच परतलेली. शाळा संपल्यावर बापाने तिला आत्याकडे पाठवलं होतं. दक्षिण ऑकलंडातल्या पावाच्या एका मोठ्या कारखान्यात आत्या काप पाडायच्या यंत्रावर होती, तिने लुपेला पिशव्या भरायच्या रांगेत लावून दिलं. पांढरेशुभ्र, ढगासारखे मऊ पाव दिवसभर समोरून वाहत जायचे. लुपेला तिथलं आयुष्य आवडलं होतं. स्वतःची खोली होती, तिला आतून कडी होती. एका सामोअन ड्रायव्हरशी तिचं जवळजवळ ठरलंही होतं. मग सेमिसीच्या पायाचं बोट काळं पडलं. साखरेचा आजार जुनाच होता, पण त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. लुपे महिनाभराच्या बोलीने आली. बोटामागून पाऊल गेलं, पावलामागून गुडघ्यापर्यंतचा पाय, आणि महिन्याची वर्षं झाली. ड्रायव्हरने दुसरीशी लग्न केलं, आणि ते तिला आत्यानेच कळवलं, तेही हळूहळू, आधी हवापाण्याचं बोलून घेऊन.

बापाला पुरून आल्यावर लुपेने घरातला मैदा आणि साखर डुकरांपुढे ओतली. त्या दिवसापासून मैद्याला या घराचं दार बंद. तिने नीरफणस वाळवून दळायला सुरुवात केली. निम्मं ते पीठ, निम्मी कोंड्यासकट कणीक, गोडीला पिकलेली केळी, थोडं नारळाचं दूध. पहिले पाव विटांसारखे निघाले. शेजारणी हसल्या. "लुपे, दोनचार जास्तीचे दे, चर्चची भिंत पडलीय." पण ती चिकाटीने भाजत राहिली, आणि हळूहळू पाव पावासारखा दिसायला लागला. मग धर्मगुरूंची बायको एसेता पुढे झाली. तिच्या नवऱ्याची साखर वाढलेली. तिने बायकांच्या मंडळात ठणकावून सांगितलं, की यापुढे सभेला लुपेचाच पाव येईल, दुकानातले साखरेचे बन नाहीत. पांगाई गावात ज्या घरात कुणाचा पाय गेला होता किंवा जाऊ घातला होता, त्या घरातून आता लुपेकडे माणूस यायचा. ऑकलंड सोडल्याचं काहीतरी मोल झालं, असं तिला कधी कधी वाटायचं. फार वेळा नाही.

गुरुवारी विमानतळावर आत्या शिडीवरून उतरली तेव्हा लुपेला आधी ती ओळखूच आली नाही. चेहरा सुजलेला, रंग राखेचा. एवढ्या उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा झगा घातला होता. आणि हातात एकच बॅग, तीही लहान. पूर्वी आत्या आली की खोकीच्या खोकी उतरायची, डबाबंद मांस, चादरी, सगळ्या गावाच्या पोरांना चपला.

"बाकीचं सामान मागून येतंय का?"

"कसलं सामान? लोकांना वाटून टाकलं." आत्याने इकडेतिकडे पाहिलं. "तो पोरगा शहाळी विकतोय ना? आण एक. नाही, दोन आण."

दोन्ही शहाळी तिने उभ्याउभ्या संपवली. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं तरी पुसलं नाही. लुपेला वाटलं, प्रवासाने घसा कोरडा पडला असेल.

डुक्कर मारलं नाही, पण गाव यायचं ते आलंच. बायका रिवाजाप्रमाणे कमरेला चटया गुंडाळून, फुलं घेऊन आल्या. आत्या घरात सगळ्यांत वरच्या जागी बसली. लुपेने सकाळीच भाजलेला पाव तिच्यापुढे ठेवला आणि गुडघ्यांवर मागे सरकली. आत्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी खाणार नव्हतं.

आत्या पावाकडे बराच वेळ पाहत राहिली.

"यात काय काय घातलंयस?"

लुपे याच प्रश्नाची वाट पाहत होती. "निम्मं नीरफणसाचं पीठ. परसातल्याच झाडाचं. कणीक आहे, कोंडा काढलेला नाही. केळी आहेत, नारळाचं दूध आहे. साखरेचा कण नाही, आत्या. मैदा तर नाहीच."

"सगळं आपल्या मातीतलं."

"कणीक सोडली तर सगळं."

"हिच्या पावाने माझ्या नवऱ्याची साखर उतरली बरं का," एसेता मध्येच म्हणाली. "नर्स आकेसा स्वतः म्हणाली, औषधासारखं खा."

आत्याने एक तुकडा मोडला, तोंडात घातला, डोळे मिटून चावला. मग म्हणाली, "माझ्या भावाला हा आधी मिळाला असता तर?" आणि दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. लुपेने आणखी एक तुकडा मोडून आत्यापुढे सरकवला. इतकी वर्षं कुणी तिला शाबास म्हटलं नव्हतं, आणि आत्या तर कुणालाच म्हणत नसे.

पुढचे दिवस आत्या दारातल्या चटईवर पडून असायची. समोर परस, परसापलीकडे समुद्र. ती बोलायची, आणि लुपे पीठ दळता दळता ऐकायची.

"तिथे माझ्या खिडकीतून काय दिसायचं, आठवतंय ना? गाड्यांचा तळ. सकाळी भरायचा, संध्याकाळी रिकामा व्हायचा. एवढाच माझा समुद्र."

"तुम्हीच म्हणायचात, घर छान आहे म्हणून."

"तुला म्हणायचे. तू रडत होतीस ना पहिल्या महिन्यात." आत्या हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. "गेल्यावेळी मी पांगाईत आले तर पोरं मला परकी बाई समजून इंग्रजीत बोलली. आणि तिथे इतकी वर्षं काढून बसमध्ये ड्रायव्हर विचारायचा, बाई, इथे नवीन का? दोन्हीकडून गेले बघ. मनात म्हटलं, निदान हाडं तरी एका जागी असू देत."

"असं अभद्र बोलू नका."

"हाडांचं बोलणं अभद्र कसं गं? सगळ्यांना असतात."

हेनेली, आत्याचा एकुलता मुलगा, ब्रिस्बेनमध्ये होता. त्याचा फोन यायचा तेव्हा आत्या लुपेला बाहेर पिटाळायची. "जा, भट्टी बघ." भट्टी थंड असली तरी.

आत्याच्या पायांवरची सूज चढत गेली. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. पाय जड झाले, ओठांना मुंग्या यायला लागल्या. अन्न पाहून तिला मळमळायचं, तरी पाव मात्र ती खायची. लुपेने सरळ हिशेब केला: साखर वाढली असणार. बापाचं असंच सुरू झालं होतं.

"भात नको, रताळी नकोत. फक्त माझा पाव खा, आत्या. आणि हे केळं. आठ दिवसांत फरक पडतो की नाही बघा."

"पडेल," आत्या म्हणायची. "फरक पडेल."

पुढच्या आठवड्यात शनिवारी दुपारी आत्याला अंघोळीला न्यायचं होतं. तिला स्वतःहून उठता येईना. लुपेने काखेत हात घातला, दुसऱ्या हाताने तिची बाही वर सरकवून दंड घट्ट धरला, आणि दचकून सोडला. दंडावर जाडजूड शीर उठलेली होती, दोरखंडासारखी गाठीगाठीची, आणि ती गुरगुरत होती. कातडीखाली गांधीलमाशी कोंडावी तशी.

"हे काय आहे?"

आत्याने बाही खाली ओढली. "काही नाही. जुनं आहे."

"मी तुमच्याकडे राहत होते तेव्हा हे नव्हतं. आत्या, हे काय आहे?"

आत्या भिंतीला टेकली.

"डायलिसिसच्या सुया तिथे खुपसतात," ती शेवटी म्हणाली. "तू परत आलीस त्यानंतर सुरू झालं. किडन्या गेल्या, दोन्ही. साखरेनेच. आठवड्यातून तीनदा मशीनला बांधून घ्यायचं, रक्त धुऊन घ्यायचं, घरी येऊन मेल्यासारखं पडायचं. आणि उठलं की पुन्हा मशीन."

"मग इथे? आपल्याकडे ते मशीन नाही. अख्ख्या देशात नाही."

"माहीत आहे."

अंगणात कोंबडी पिलांना बोलावत होती.

"किती दिवस चालतं, मशीन सोडून?"

"दोन आठवडे म्हणतात. माणसावर आहे. खाण्यावर आहे." आत्याने नजर वळवली. "नीरफणस, केळी, नारळ, कोंडा यात एक क्षार असतो. तुझ्या किडन्या तो बाहेर टाकतात. माझ्या टाकत नाहीत. तो साठतो आणि एक दिवस काळीज थांबवतो. मशीनवर बसायला लागल्यापासून मी केळ्याला हात लावला नव्हता, लुपे. तिथली बाई आम्हाला चित्रं दाखवायची, हे खाऊ नका, ते खाऊ नका. सगळी आपल्या परसाची चित्रं."

लुपेला आधी अर्थच लागला नाही. मग पत्र्यावर वाळत पडलेल्या चकत्या दिसल्या आणि लागला.

"म्हणजे माझा पाव."

"तुझ्या पावाचा काही दोष नाही. साखरवाल्यांना तो—"

"तू माझ्या हातून खाल्लास!" लुपे ओरडली. "रोज! मी घास मोडून देत होते तुला! पुढ्यात बसून!"

तिचं तिलाच ऐकू आलं. आत्याला तू. या घरात, याच चटईवर, जिथे तिचा बाप मान वर करत नसे.

"आयुष्यात पहिल्यांदा तू म्हणालीस मला," आत्या म्हणाली.

"आणखी म्हणेन! काय करशील? शाप देशील? दे! तू माझ्या बापाची बहीण, आणि मला... मला तू काय करायला लावलंस हे?"

"पाव खाल्ला नसता तरी गेलेच असते. फार तर एक आठवडा जास्त."

"मग तो आठवडा मी खाल्ला ना?"

आत्याने हात पुढे केला. लुपेने तो धरला नाही. ती बाहेर गेली, चकत्यांचा पत्रा तिने लाथेने उलथून टाकला, आणि मग तिथेच धुळीत बसून हेनेलीला फोन लावला.

हेनेलीला आधी समजलंच नाही. समजल्यावर तो ओरडायला लागला. "ती मला म्हणाली, डॉक्टरांनी दोन आठवड्यांची सुटी दिलीय! तिला विमानात घाल! बांधून घाल, पण घाल!"

"आज विमान गेलं. उद्या रविवार, काही उडत नाही. सोमवारी आहे."

"मग सोमवारी घाल!"

लुपेने आत जाऊन विचारलं. आत्याने मान हलवली. "मला उचलून नेलंत तर वाटेत मरेन. राजधानीत, नुकुआलोफाच्या विमानतळावर, बाकड्यावर. तसं करायचंय का तुम्हाला?"

हेनेलीने ते ऐकलं असावं. तो एकदम शांत झाला. "मी येतो. मंगळवारी पोचेन. तोवर... तोवर काहीतरी कर, लुपे."

नर्स आकेसा निरोप मिळताच आली. तिने आत्याची नाडी पाहिली, पाय पाहिले, आणि लुपेला परसात घेऊन गेली.

"काळजाचे ठोके आत्ताच चुकताहेत. माझ्याकडे जे औषध आहे ते देते, पण ते तात्पुरतं. मंगळवारपर्यंत ताणायचं असेल तर खाण्याचं पाहा. केळं बंद, नारळ बंद, नीरफणसाचं तर नावच काढू नकोस. पाणी घोटभर. मीठ नाही. पांढरा भात चालेल. नाहीतर पाव. साधा मैद्याचा, बिनमिठाचा."

"मैद्याचा?"

"हो. तुझ्या बापाला जो विष होता तोच. हिला त्यातल्या त्यात तोच सोसेल." आकेसाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तुझा पाव लोकांना खा म्हणून सांगत फिरले, लुपे. कुणाच्या किडन्या कशा आहेत ते आधी विचारायला हवं होतं मी. तूच एकटी नाहीस यात."

चिनी दुकानदार दुकानाच्या फळ्या लावायच्या बेतात होता. लुपेने मैदा मागितल्यावर त्याने दोनदा विचारलं. मागे उभ्या बायकांपैकी एक खुदकन हसली.

"काय गं लुपे, नीरफणस संपला की नेम संपला? आम्हाला उपदेश, आणि घरी चोरून मैदा?"

लुपेने पिशवी छातीशी धरली आणि उत्तर न देता निघाली. वाटेत तिला बाप आठवला. शेवटच्या दिवसांत तो हेच मागायचा, पांढरा पाव आणि वर साखरेचा चहा. ती नाही म्हणायची. रडून मागायचा, तरी नाही म्हणायची.

तिने परात घासून घेतली, भट्टीत नारळाची सोडणं पेटवली. मैदा, यीस्ट, पाणी. मीठ नाही, दूध नाही. हात घातल्याबरोबर पीठ रेशमासारखं गोळा झालं. नीरफणसाच्या पिठाशी तिला रोज झटापट करावी लागायची. हे पीठ आपणहून फुगत होतं, बोट लावलं की परत वर येत होतं. किती सोपं होतं हे, ती विसरूनच गेली होती. मळताना क्षणभर तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा तिला आत्याला भरवलेल्या घासांइतकाच राग आला.

रविवारी सकाळी गाव चर्चला गेलं. घंटा थांबल्यावर गाण्याचे सूर परसापर्यंत यायला लागले. लुपेने पांढऱ्या पावाची एक पातळ फोड आत्याच्या हातात दिली. आत्याने ती उजेडाकडे धरली.

"हा तर आपल्या कारखान्याचा." ती हसली. "माझं तारुण्य असल्याच फोडी पाडण्यात गेलं, आणि मरताना पथ्याला पण हाच."

"खा गुपचूप."

"अळणी आहे."

"तसाच खायचाय." लुपेने अजून तुम्ही म्हटलं नव्हतं, आणि आत्याने ते मागितलंही नव्हतं.

आत्याने दोन घास कसेबसे गिळले. मग बराच वेळ चर्चचं गाणं ऐकत पडली.

"माझ्या शेजारच्या खुर्चीवर न्यूए बेटावरचा एक म्हातारा असायचा," ती म्हणाली. "आमच्या दोघांची मशिनं एकाच वेळी सुरू व्हायची. तो मला त्याच्या बेटावरच्या मासेमारीच्या थापा मारायचा. एका सोमवारी गेले तर त्या खुर्चीवर दुसराच कुणी. मी विचारलं, म्हातारा कुठे? तिथली मुलगी कामाची, चांगली, तिने फक्त मान हलवली आणि माझी सुई लावली. मशीन थांबलं नाही, लुपे, घटकाभरही थांबलं नाही. त्या दिवशी ठरवलं."

"हेनेलीला सांगायचं होतंस. मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू मला विमानातून उतरू दिलं असतंस?"

"नसतं."

"मग?"

लुपेने तिच्याकडे पाहिलं. "आणि काल मी तुझा दंड धरला नसता तर? तू गेल्यावर मला काय वाटलं असतं?"

"वाटलं असतं काळीज थांबलं. म्हातारी होती, दमली होती."

"म्हणजे मला कधीच कळू दिलं नसतंस. आणि मी दुसऱ्या कुणाला, असल्याच किडन्यावाल्याला, तोच पाव घालत राहिले असते."

आत्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. हा विचार तिच्या डोक्यात आलाच नव्हता, हे लुपेला स्पष्ट दिसलं. "एवढा विचार नाही केला मी," ती हळू म्हणाली. "मला फक्त घरचं खायचं होतं."

माफी तिने मागितली नाही. फाहूला ती मागता येत नाही, किंवा लोसालिने आत्याला येत नव्हती. लुपेने तिच्या हातातली उरलेली फोड घेतली, पाण्यात भिजवली, आणि तिच्या तोंडात घातली. संध्याकाळपर्यंत थोडं थोडं करून तिने अर्धा पाव तिच्या पोटात घातला. भांडत, दटावत, एकदा तर नाक दाबून. आत्या म्हणाली, "तुझा बाप बरोबर सांगायचा, तू तुरुंगाची वॉर्डन व्हायला हवी होतीस."

सोमवारी नुकुआलोफाचं विमान घरावरून गेलं. आत्याने आवाजाकडे कान लावला. "गेलं?"

"गेलं."

"बरं झालं."

दुपारी तिने केळं मागितलं. लुपे नाही म्हणाली. आत्याने पुन्हा मागितलं, मग डोळे मिटून घेतले. लुपे टाकीवरून पाणी आणायला गेली आणि परत आली तेव्हा आत्याचं तोंड उघडं होतं, नजर छपराकडे होती. दंडावरची शीर दाबून पाहिली. ती गुरगुरत नव्हती.

हेनेली मंगळवारी सकाळच्या विमानाने उतरला. एक दिवस कमी पडला.

आत्या गेली की भावाच्या मुलांनी स्वयंपाकघर सांभाळायचं, मयताजवळ जायचं नाही, ही रीत. आत घरात आत्याला नव्या चटयांवर निजवलं होतं, भोवती बायका गात होत्या, दूरदूरच्या बेटांवरचे नातलग येऊन तिच्या कपाळाला ओठ लावत होते. ज्या लुपेने तिला भरवलं होतं, ती शोकाची फाटकी जाडीभरडी चटई कमरेला गुंडाळून मागच्या छपराखाली धुरात उभी होती, शेकडो माणसांचं जेवण शिजवत. आतलं तिला फक्त ऐकू येत होतं.

बातमी तिच्याआधी गावभर झाली होती. पातेली घासणाऱ्या बायका ती जवळ आली की गप्प व्हायच्या. एकदा मात्र उशीर झाला, आणि तिने ऐकलं. "...आणि तो पाव आपण आपल्या म्हाताऱ्यांना घालत होतो. देवानेच वाचवलं."

हेनेली मागे आला तेव्हा ती उमूवरची, म्हणजे जमिनीतल्या चुलीवरची, पानं काढत होती. तो आईसारखाच आडवा, थोराड. चार पावलांत धापा टाकत होता. एका ओंडक्यावर बसला.

"शेवटी काय खाल्लं तिने?"

"मैद्याचा पाव. बिनमिठाचा."

"त्याआधी?"

"त्याआधी माझा. रोज. केळी, नारळ, सगळं."

"तुला खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"आत बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते पटत नाही."

"मग ते निम्मे राहू देत. तुला पटतंय का ते सांग."

तो धुराकडे पाहत राहिला. "डॉक्टर मशीनवरच्या माणसाला दोन आठवडे सुटी देतील?" तो म्हणाला. "मी गाडी चालवतो, लुपे, डॉक्टर नाही, पण एवढं तर मलाही कळतं. तिने सांगितलं आणि मी म्हटलं, बरं. तिकीटही मीच काढलं. एका बाजूचं. तेव्हा विचारलं नाही, परतीचं का नको." त्याचा आवाज फाटला. आत घरात तो रडला नव्हता. इथे धुरात रडला, मोठ्याने, लहान पोरासारखा. लुपे शेजारी बसली नाही, तिला जमलं नाही. ती पानं काढत राहिली.

दहाव्या दिवशी कुळातल्या एका दूरच्या आत्याने लुपेचे केस कापले, शोकाची रीत म्हणून, मानेपर्यंत. हेनेली ब्रिस्बेनला गेला.

लुपेने पाव भाजणं सोडलं नाही, पण आता ती दारात उभी राहून विचारायची. पाव कुणासाठी? त्यांच्या किडन्या कशा आहेत? आकेसाकडून तपासून आणलंत का? बायका कंटाळायच्या. "पाव घ्यायचा की दवाखान्यात भरती व्हायचं?" काही दुसऱ्या खेपेला आल्या नाहीत. एसेता नवऱ्याला तपासून घेऊन आली, आणि त्याच्या किडन्याही थोड्या बिघडल्या आहेत असं निघालं. तिने लुपेचा हात धरून आभार मानले, आणि त्यानंतर पाव न्यायचा बंद केला. बायकांच्या सभेत दुकानातले साखरेचे बन परत आले. ज्यांना लुपेचा पाव खरंच चालला असता, त्यांनीही तेच धरले. त्या हंगामात नीरफणस मुबलक लागला. झाडाखाली सडा पडायचा आणि शेजाऱ्यांची डुकरं कुंपणातून घुसून खायची.

वर्षभराने हेनेलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. ब्रिस्बेनमध्ये थंडी आहे म्हणाला. मग म्हणाला, "माझी तपासणी झाली. आईचंच."

लुपे पिठाच्या हातांनीच भट्टीजवळ बसली. "मशीन?"

"अजून नाही. लवकरच म्हणतात." तो हसल्यासारखा आवाज आला. "म्हटलं विचारून ठेवावं. तुझ्याकडे जागा आहे का गं, दारात, चटईवर?"

"नाही," लुपे म्हणाली.

"थट्टा केली मी."

"केली नाहीस. ऐक, हेनेली. जागा नाही. तू तिथेच राहायचंस, आणि मशीन म्हणाले की मशीनवर बसायचंस. इकडे आलास तर मी दार उघडणार नाही."

मग हेनेली म्हणाला की त्याला कामावर जायचंय, आणि त्याने फोन ठेवला.